क्षेपणास्त्रं अडवणारी युद्धनौका कोरोनापुढे कशी हरली?

कोरियाच्या सिल्ला राज्यात मुनमू नावाचा राजा होऊन गेला. 681 साली तो वारला. दंतकथा सांगते, "मला समुद्रात ठेवा, मी ड्रॅगन होऊन देशाचं रक्षण करेन," अशी त्याची शेवटची इच्छा होती. याच राजाचं नाव दक्षिण कोरियाने आपल्या एका विनाशिकेला दिलं. पण जुलै 2021 मध्ये तिच्यावरच्या सगळ्या खलाशांना विमानाने मायदेशी आणावं लागलं.

आधी ही नौका कशी आहे ते बघू.

सुमारे 150 मीटर लांब, 4,400 टनांची. ताशी साधारण 54 किलोमीटर वेग. रोजच्या गस्तीला डिझेल इंजिन, पाठलाग करायचा असेल तर गॅस टर्बाइन. शत्रूच्या रडारवर कमी दिसावी म्हणून बाजू तिरक्या. शिवाय विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा, 127 मिमीची तोफ आणि हेलिकॉप्टर. 2003 ते 2008 दरम्यान अशा सहा नौका ताफ्यात आल्या.

त्यांचं मोठं काम मात्र घरापासून हजारो किलोमीटर लांब चालतं. 2009 पासून 'चॉन्गहे' पथकाची एक नौका आळीपाळीने एडनच्या आखातात असते, सोमाली चाच्यांपासून व्यापारी जहाजांना वाचवायला. 21 जानेवारी 2011 ला याच मालिकेतल्या 'चोई यंग'च्या कमांडोंनी 'साम्हो ज्वेलरी' या जहाजावरच्या 21 जणांची सुटका केली. आठ चाचे मारले गेले, पाच पकडले गेले.

मग 2021 मध्ये चुकलं कुठे?

'मुनमू द ग्रेट' फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघाली. कोरियात लसीकरण सुरू झालं 26 फेब्रुवारीला. म्हणजे जहाजावर एकालाही लस मिळालेली नव्हती, आणि नंतरही ती पोहोचवली गेली नाही. लस थंड ठेवायची कशी, रिॲक्शन आली तर भर समुद्रात उपचार कसे करायचे, अशी कारणं देण्यात आली.

जुलैच्या सुरुवातीला सर्दी-तापाचे रुग्ण दिसू लागले. पण जहाजावर होते अँटीबॉडी किट. शरीरात अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ताजा संसर्ग अशा चाचणीत सुटू शकतो. झालंही तसंच, चाचणी निगेटिव्ह आली. त्यात एकावर एक बंक, एकच जेवणघर आणि बंदिस्त हवा. शेवटी 301 पैकी 272 जण बाधित निघाले.

हवाई दलाच्या दोन विमानांनी सगळ्यांना परत आणलं. नौका परत न्यायला नवं पथक पाठवावं लागलं. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. संरक्षणमंत्री सुह वूक यांनी जाहीर माफी मागितली.

क्षेपणास्त्र आलं तर काय करायचं, याचा विचार ही नौका बांधतानाच झाला होता. खलाशी आजारी पडले तर काय, याचा विचार मात्र बंदर सोडताना राहून गेला.