पेटी शिपायाच्या स्टुलासमोर

सेनगाव-औंढ्याकडून एसटीने हिंगोलीच्या कॉलेजला येणाऱ्या मुलीवर अत्याचार झाला, तर तिने पहिला शब्द कुणापाशी काढायचा? लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती सक्तीची केली, तक्रारदाराचे नाव फोडण्यास मनाई केली; यूजीसीचे 2015 चे नियमही आहेत. कागद चोख आहे. पण तक्रारपेटी प्राचार्यांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या स्टुलासमोर टांगली, तर चिठ्ठी टाकणारा हात सगळ्यांना दिसतो. शिवाय गाव लहान. समितीवरच्या मॅडम मामांच्या ओळखीच्या निघतात, संध्याकाळी घरी निरोप पोचतो आणि शिक्षा मुलीलाच: कॉलेज बंद!

समिती चौकशीसाठी असते. त्याआधी नुसते ऐकून घेणारे माणूस लागते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. दवाखान्यात गेलेल्या बाईला कुणी ‘कशाला गेलीस’ विचारत नाही, हे त्यातले शहाणपण. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने हिंगोलीतही रुग्णालयांच्या मदतीने कॉलेजबाहेरची समुपदेशक द्यावी. तक्रारीचा निर्णय मुलीचा. (अठराखालील मुलींबाबत मात्र पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते.)

तोवर प्राचार्यांनी एवढे करावे: महिला हेल्पलाइनचा 181 क्रमांक मुलींच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावावा.