गृहयंत्रविचार : लहरी मोटारीचें निदान

गेल्या आषाढांतली गोष्ट. गडमुडशिंगीस आमच्या घरीं मातोश्रींना मध्यरात्रीं एकाएकीं धाप लागली. कोल्हापूर कांहीं दूर नाहीं. परंतु वडिलांच्या वेळची, 1982 सालची मोटार किल्ली फिरवितांच नुसती 'टक्' करून गप्प बसली. शेजाऱ्यांच्या गाडीनें मातोश्री वेळेवर रुग्णालयांत पोंचल्या, ही ईश्वरी कृपाच. सकाळीं पाहावें, तों तीच मोटार पहिल्या किल्लीस सुरू!

घरांत अर्थातच दोन पक्ष पडले. दादा म्हणाले, "म्हातारी झाली, विकून टाकूं." वहिनी म्हणाल्या, "मामंजींची आठवण आहे ती. आधीं दुखणें तरी कळूं द्यावें." मग बॅटरी बदलली, कॉईल बदलली, प्लग बदलले. पैसे गेले, दुखणें राहिलें. कारण उघड आहे. कारागिराकडे नेली, कीं मोटार ठणठणीत असे. आणि ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून रोग कसा कळावा?

मोटार सुरू होण्यास दोन निराळीं कामें व्हावीं लागतात, हें वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. एक, सेल्फनें इंजिन फिरविणें. दुसरें, प्लगमध्यें ठिणगी पाडून पेट्रोल पेटविणें. पूर्वीं पहिल्या कामासाठीं हँडल मारावें लागे. चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा सेल्फ 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि तो त्रास सरूं लागला. सेल्फला शंभराहून अधिक अँपियर प्रवाह लागतो. ठिणगीस प्रवाह थोडा, पण दाब हजारों व्होल्टचा लागतो. म्हणून दोन्हींचे रोगही निराळे.

इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं, असें असल्यास ठिणगीकडे वळावें. आपल्याकडील पावसाळी दमटपणांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपींत ओल धरते; ती कोरड्या फडक्यानें पुसून तडा आहे का पाहावा. पॉईंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असते. ती बिघडली नाहीं ना, तेंही पाहावें. तापलेली मोटारच अडत असेल, तर कॉईल व कंडेन्सर यांचा संशय घ्यावा.

इंजिन मुळींच फिरत नसेल, तर पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर मळ धरला आहे. दिवे लखलखीत राहिले, तर प्रवाह सेल्फमधून वाहतच नाहीं असें समजावें.

आमचे दिवे लखलखीत होते. एके संध्याकाळीं मोटार पुन्हां अडली, तेव्हां धाकटा पुतण्या ओरडला, "काका, चोकची तार तापली आहे!" मला प्रथम हंसूं आलें, पण खरें निदान त्या पोरानेंच केलें होतें. इंजिन रबरी बैठकींवर बसलेलें असतें. म्हणून त्यांतून प्रवाह परत नेण्यासाठीं सांगाड्यास तांब्याची एक विणलेली पट्टी जोडतात. आमच्या पट्टीचा बोल्ट गंजला होता. तो कधीं टेके, कधीं न टेके. न टेकला, कीं बिचारा प्रवाह चोकच्या बारीक तारेतून वाट काढी!

व्होल्टमीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरें इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारला असतां कांटा अर्ध्या व्होल्टच्या पुढें जाऊं नये. आमचा चारावर गेला. बॅटरीची ऋण तार सोडून पट्टीचीं टोकें पॉलिश कागदानें चकचकीत केलीं, बोल्ट आंवळला व वर थोडें ग्रीस लावलें. खर्च एका कागदाचा!

दोन सूचना. तपासतांना मोटार न्यूट्रलमध्यें असावी व हातब्रेक ओढलेला असावा. प्लगच्या तारा चालू असतां हातीं धरूं नयेत. आणि मोटारींत एक वही ठेवावी : अडली तो दिवस, पाऊस, इंजिन गार कीं गरम, दिव्यांची स्थिति, आवाज. येणाऱ्या-जाणाऱ्या रोगाचा तोच खरा साक्षीदार.

शाही दसऱ्यास निघणारी छत्रपतींची मेबॅक आमच्या मोटारीहून कितीतरी वडील आहे. वय हें निदान नव्हे, हें दादांनींही आतां मान्य केलें आहे. तथापि आजाऱ्यासाठीं एकाच वाहनावर विसंबूं नये. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक वहिनींनीं माजघरांत मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे, आपणही लावावा.