अलुत्याचा हक्क

लोकसंगीत आणि नवसंगीत यांचा मिलाफ म्हणजे निव्वळ भ्रष्टाचार, असे मानणाऱ्या सोवळ्या रसिकांच्या पंक्तीस मी कधी बसलो नाही. कारण तमाशाच्या फडात जी पेटी आज बिनदिक्कत सूर भरते तीही परमुलुखातूनच आलेली, आणि तिला वाटेत कोणी जकातनाक्यावर अडवल्याचे ऐकिवात नाही. 1972 साली भास्कर चंदावरकरांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये कीर्तन, अभंग आणि लावणी एकत्र नांदवली, 2016 साली अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये सिंफनीचा वाद्यवृंद बसवला, तरी करमाळ्याच्या उन्हातली ती प्रीती व्हायोलिनांखाली गुदमरली नाही.

माझी फिर्याद निराळी आहे. एका ध्वनिमुद्रणशाळेत, कमरेला संबळ बांधलेला एक वृद्ध गोंधळी मी पाहिला. कानांवर हेडफोन, त्यात घड्याळासारखी टिकटिक (वादक मंडळी तिला ‘क्लिक’ म्हणतात), आणि काचेपलीकडून हुकूम, की लय तसूभरही हलता कामा नये. ज्याच्या गोंधळात दिवटी पेटल्यापासून आख्यान रंगेपर्यंत लय आपसूक चढत जाते, त्याच्या हाताला हे म्हणजे घाण्याला जुंपणेच. वाकड्या टोकाची काठी दोनदा हवेतच थबकली. तिसऱ्या खेपेस त्याने हेडफोन काढून बाजूला ठेवला आणि आपल्या चालीने वाजवले. ते मुद्रित झाले, संगणकावर त्याचे तुकडे पडले, आणि ते तुकडे पुन्हा त्याच टिकटिकीत बसवण्यात आले. गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा श्रेयनामावलीत गिटारवादकाचे नाव होते. संबळाच्या वाट्याला ‘लोकवाद्ये’ एवढा एकच शब्द.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’त (1915) अलुत्यांमध्ये, म्हणजे सेवेबद्दल गावाकडून वाटा मागणाऱ्यांमध्ये, गोंधळ्याची गणना आहे. जातीने जखडलेल्या त्या व्यवस्थेचे मला तिळमात्र कौतुक नाही; पण तीत त्याचे मागणे निदान हक्काचे तरी होते. आज 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातही कलावंतास व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधनाचा हक्क मिळाला आहे खरा, परंतु ज्याचे नावच दफ्तरी दाखल नाही त्याने तो कोणत्या आधारावर मागावा?

लोककलावंताचे नाव गाण्यावर घालणे अशक्य नाही, हे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप करणाऱ्या मुलांनी 2019 सालीच दाखवले. आरेच्या जंगलावरील त्यांच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये तिथलेच आदिवासी गायक प्रकाश भोईर यांचा आवाज तोंडी लावण्यापुरता नाही, ते स्वतः गातात, आणि गाण्यावर त्यांचे नाव आहे.

त्या गोंधळ्याने सायंकाळी संबळ फडक्यात गुंडाळले आणि पुढे केलेल्या पावतीवर सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली. पावतीवर मजकूर होता: ‘वादन, एक दिवस.’