मनोरा, कमान आणि मुलींचे वसतिगृह

बाबासाहेब १९२१-२२ साली ज्या घरात राहिले, ते लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील घर पाहण्यास आपल्या विद्यालयाचे आम्ही काही माजी विद्यार्थी गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून सॉल्सबरीस जाऊन आलो. वॉटर्लू स्थानकावरून आगगाडीने दीड तासाचा रस्ता. तेथील कॅथेड्रलचा मनोरा १२३ मीटर उंच आहे. ब्रिटनमध्ये याहून उंच चर्चमनोरा नाही. १२२० साली पायाभरणी झालेली मुख्य वास्तू अवघ्या ३८ वर्षांत पूर्ण झाली. पाया मात्र जेमतेम चार फूट खोल. पुढच्या शतकात मनोरा चढविला गेला आणि त्याच्या भाराने खालचे दगडी खांब वाकले. ते वाकलेपण आजही नुसत्या डोळ्यांना दिसते. (प्रवेशासाठी बरेच पैसे मोजावे लागतात. तेवढ्यात वसतिगृहातील एका मुलाचा किती दिवसांचा भोजनखर्च निघेल, याचा हिशेब आमच्यापैकी एकाने तिथेच केला.)

शेजारच्या अष्टकोनी दालनात १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या शिल्लक असलेल्या चार प्रतींपैकी एक जपून ठेवली आहे. कोणाही स्वतंत्र माणसास कायद्याने निवाडा झाल्यावाचून बंदीत टाकू नये, असे तिच्यातील गाजलेले कलम सांगते. आम्ही अडखळलो ते ‘स्वतंत्र’ या शब्दापाशी. त्या काळी इंग्लंडातील शेतकऱ्यांचा फार मोठा वर्ग जमीनदाराच्या जमिनीशी बांधलेला होता. त्याला या कलमाचा आधार नव्हता. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेर आयुष्य काढले, त्यांची नजर सनदेतील अशा शब्दावर आधी जाते.

सायंकाळच्या प्रार्थनेत मुलींचा गायनवृंद होता. कॅथेड्रलच्या शाळेचा आरंभ १०९१ मधला. तेव्हापासून गायची ती मुलेच. मुलींचा स्वतंत्र वृंद उभा राहिला १९९१ साली, आणि इंग्लंडच्या कॅथेड्रलांत ही गोष्ट सॉल्सबरीने सर्वांआधी केली. परंपरा मोडेल, मुलांच्या आवाजाचा गोडवा हरवेल, असे आक्षेप त्या देशातही घेतले गेले. प्रत्यक्षात मुलांचा वृंद बंद पडला नाही. आज दोन्ही वृंद आळीपाळीने गातात.

नऊशे वर्षे लागली म्हणून त्यांना हसणे सोपे आहे. आपल्या विद्यालयातही वसतिगृह आहे ते मुलांचेच. आसपासच्या मुली दिवसा शिकून घरी जातात. दूरच्या वस्तीवरील मुलीला मात्र शेवटची एसटी चुकली तर शाळा चुकते, आणि शाळा वारंवार चुकू लागली की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. महाप्रजापती गौतमीच्या संघप्रवेशासाठी आनंदाने तथागतांपाशी पुन्हा पुन्हा विनंती केली, ही कथा आपण दरवर्षी सभागृहात सांगतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे संबोधित केले, हेही सांगतो. मुलींचा निवास हा विषय निघाला, की मात्र ‘जबाबदारी कोण घेणार?’ या एका प्रश्नावर बैठक संपते.

प्रश्न खोटा नाही. निवासी अधीक्षिका हवी, कुंपणाची भिंत हवी, स्वच्छतागृहे आणि रात्रभर पाणी हवे. या सर्वांस पैसा लागतो, आणि सध्या पैसा जमतो आहे तो भव्य प्रवेशकमानीसाठी. कमानीची हौस आम्ही समजू शकतो. सॉल्सबरीचा मनोरा पाहताना आमचीही मान भारावून वर गेली होती. तरीही आमच्या मते आजची निकड कमानीची नाही. विहिरीमागील मोकळ्या जागेत निदान वीस मुलींची सोय होईल एवढी इमारत आधी उभी राहावी. कमानीसाठी दिलेली आमची देणगी तिकडे वळविण्यास आम्ही लेखी संमती देत आहोत. इतर देणगीदारांनीही तशी संमती द्यावी, आणि पालकांनी, विशेषतः मातांनी, येत्या सभेत हा विषय स्वतः मांडावा, ही विनंती.