अश्वांची स्मृति

महाभारताच्या वनपर्वांत नलोपाख्यान आहे. त्यांतील एक लहानसा प्रसंग दमयंतीच्या दुःखाच्या ओघांत वाचकांच्या नजरेंतून निसटतो. नल द्यूतांत सर्वस्व घालवूं लागला, तेव्हां दमयंतीनें वार्ष्णेय सारथ्याबरोबर मुलें व नलाचे रथाचे घोडे आपल्या माहेरीं, विदर्भांतील कुंडिनपुरास पाठविले. अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं असलेलें कौंडिण्यपूर तें हेंच, असें मानतात. पुढें कर्कोटकाच्या दंशानें रूप पालटलेला नल बाहुक या नांवानें ऋतुपर्ण राजाचा रथ हांकीत त्याच नगरांत आला. चेहऱ्यावरून त्याला ओळखणें कोणासहि शक्य नव्हतें. रथाचा घोष ऐकून मोर व हत्ती माना वर करून ओरडूं लागले. त्यांना तो मेघ वाटला. घोड्यांना मात्र तो धनी वाटला, आणि नल जवळ असतां होत तसे ते हर्षित झाले. दमयंतीच्याहि कानांस तो घोष ओळखीचा वाटला होता; पण तिनें दासी धाडून परीक्षा पाहिल्या, मुलें भेटविलीं. घोड्यांना एवढी यातायात पडली नाहीं. नलाला जी विद्या येत होती, तिला ग्रंथांत ‘अश्वहृदय’ असें नांव आहे. शब्द मोठा समर्पक!

चिकित्सक वाचक यास कविकल्पना म्हणतील. परंतु इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या लीॲन प्रूप्स व कॅरेन मॅकोम्ब या विदुषींनीं रथघोषाऐवजीं मनुष्याचा आवाज घेऊन केलेला प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला आहे. घोड्याच्या दोहों बाजूंस परिचयाचीं दोन माणसें उभीं करावयाचीं आणि त्यांपैकीं एकाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवावयाचा. ज्याचा आवाज, त्याच्याकडे घोडा लवकर वळे व अधिक वेळ पाही. २०२० सालीं फ्रान्समध्यें असेंहि आढळलें कीं, सहा महिने दृष्टीस न पडलेल्या मोतद्दाराचें छायाचित्र घोड्या ओळखतात.

ही स्मृति केवळ प्रेमाचीच नसते. एखाद्या मनुष्याचें रागीट मुद्रेचें छायाचित्र दाखविल्यावर कांहीं तासांनीं तोच मनुष्य शांतपणें समोर आला, तरी घोडे त्याच्याकडे डाव्या डोळ्यानें अधिक पाहत, असें २०१८ सालीं याच विदुषींना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसून आलें. भयाच्या वस्तूकडे पाहण्याची त्यांची रीतच ती.

आमच्या लहानपणीं राजारामपुरींतून स्टेशनावर जावयाचें तें टांग्यानें. आमच्या नेहमींच्या टांग्याचा घोडा मालक नुसता खाकरला तरी कान फिरवी. मालकाचा मेव्हणा चाबकाशिवाय बोलत नसे. त्यानें लगाम धरला, कीं तोच घोडा चौकांत अडून उभा राही. आम्ही मुलें घोड्यालाच हट्टी म्हणत असूं.

आतां घोडा आपल्या दारीं येतो तो वरातीपुरता. कानाशीं बँड, पायांखालीं फटाके, पाठीवर अनोळखी नवरदेव आणि लगामाला झोंबणारे चार उत्साही मामा! त्या कल्लोळांत ओळखीचा आवाज एकच, त्याच्या मोतद्दाराचा. आणि नेमकें त्यालाच आपण ‘बाजूला हो’ म्हणून मागें सारतों. घरच्या वडील मंडळींनीं त्याला घोड्याच्या तोंडापाशींच राहूं द्यावें. फटाके मागें वाजवावे, किंवा वाजवूंच नयेत. मोतद्दाराचें पान मागाहून वाढतां येतें.