पहिले थेंब वाया नकोत
अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ओढून पिण्याची ताकद नसते. पण नळीतून थेंबथेंब दिलेला आईचा चीक आतड्यांच्या जीवघेण्या दाहाचा आणि जंतुसंसर्गाचा धोका कमी करतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पेढीचे दूध मोलाचेच. मात्र पाश्चरीकरणात त्यातील काही संरक्षक घटक घटतात. म्हणून पहिला मान आईच्या दुधाचा. बाळ अतिदक्षता विभागात आणि आई दुसऱ्या मजल्यावर, अशी ताटातूट झाली की पहिले मोलाचे तास हातचे जातात. प्रसूतीनंतर काही तासांतच दूध काढायला शिकवणारी परिचारिका आणि बाळाजवळ आईसाठी खाट, हाही उपचारच आहे. रुग्णालयांनी त्यात हात आखडू नये.