भोपळ्याचा मान

मराठी भाषेने भोपळ्यावर मोठा अन्याय केला आहे. परीक्षेत शून्य मिळाले, की 'भोपळा मिळाला'. खोटी समजूत दूर झाली, की 'भ्रमाचा भोपळा फुटला'. दोघांचे पटेनासे झाले, की 'विळ्या-भोपळ्याचे सख्य'. वर्गात हे वाक्प्रचार शिकवताना मला या गरीब फळाची नेहमी दया येते. त्याची योग्यता ओळखली ती गोष्टीतल्या म्हातारीने. लेकीकडून परतताना वाघाच्या रानातून ती सुखरूप घरी आली, ती भोपळ्यात बसूनच!

हल्ली मात्र भोपळ्याला बरे दिवस आलेले दिसतात. ऑक्टोबर संपत आला, की मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या काचेआड डोळे-दात कोरलेले भोपळे हसू लागतात. ही चाल मूळची आयर्लंडकडची. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत जाऊन वसले आणि तिथे त्यांना कोरायला सोपा असा भोपळा हाती लागला. तांबडा भोपळा आहेच मुळी अमेरिका खंडातला. म्हणजे आपल्या वाफ्यातही तो केव्हा तरी दर्यापार करूनच आला. तेव्हा मुलांनी दिवाळीच्या टेबलावर भोपळा मांडायचा हट्ट धरला, तर आईवडिलांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. फक्त एवढेच सांगावे, की बाळांनो, हा पाहुणा आपल्या घरी केव्हाच मुक्कामाला आलेला आहे.

त्याचा थाट पाहायचा, तर परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावच्या बाजूला जावे. हे रेणुकादेवीचे गाव. या मुलखात जुनी घरे माळवदाची. मृगाच्या पावसावर परसात, नाही तर उकिरड्याच्या कडेला चार बिया टोचायच्या, की वेल आपला आपण कुंपण धरून थेट माळवदावर चढतो. पावसाळाभर त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. दसरा सरता सरता पाने वाळू लागतात आणि आड दडलेली डांगरे दिसू लागतात. आपण भोपळा म्हणतो, त्याला कोणी डांगर म्हणते, कोणी काशीफळ.

अशा अखंड डांगराला घरात मान असतो. काही घरांत तर त्याला पहिला सुरा पुरुषानेच लावायचा, अशी चाल आहे. तिचे कारण काहीही असो, निदान त्या दिवशी तरी घरधन्याचे पाय स्वयंपाकघराला लागतात, हा फायदा लहान नव्हे! पण खरी गंमत पुढेच. पाच-सहा किलोचे डांगर एका घराला संपत नाही आणि चिरलेले फार टिकत नाही. मग फोडी शेजारी जातात, समोरच्या आळीला जातात, एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे आठवणीने जातात. डांगर चिरले, की वाटावेच लागते.

शहरात आपण पावशेराची फोड आणतो, ती कागदात गुंडाळून. ती वाटायचा प्रश्नच येत नाही. सोय झाली खरी. पण शेजारचे दार वाजवायचे एक निमित्त गेले.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा अखंड भोपळा आणा. देठ शाबूत असलेला, सालीला नख न लागणारा निवडा. तो कोरू नका. आपल्या हवेत कोरलेला भोपळा दोन-चार दिवसांत नासतो, अखंड मात्र कोरड्या जागी महिनोन्‌महिने राहतो. कापडाच्या चुंबळीवर तो टेबलाच्या मध्यावर बसवा. भोवती झेंडू, ज्वारीची दोन-चार कणसे आणि मिळाली तर उमललेली कापसाची बोंडे मांडा. परभणीकडे दिवाळीला कापूस वेचणीला आलेला असतो. तांबूस भोपळ्याशेजारी पांढरी बोंडे आणि समोर दोन पणत्या. याहून वेगळी आरास ती काय हवी?

भाऊबीज झाली, की यातले काहीही टाकायचे नाही. कापसाच्या वाती वळाव्या, कणसांतले दाणे चिमण्यांना घालावे. भोपळा चिरून त्याचा कीस गुळात शिजवावा, त्यात मावेल तेवढी कणीक मळावी, वेलदोडा घालावा, वर खसखस लावून खरपूस घारगे तळावे. बिया धुऊन वाळवाव्या. आणि घारग्यांची पहिली ताटली घरात न ठेवता जिन्यापलीकडे पाठवावी. शक्यतो अशा दारी, जिथे दिवाळीतही फारसे कोणी येत नाही.

हे मांडताना एक आठवण असू द्यावी. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, हाताशी आलेली सोयाबीन आणि कपाशी पाण्यात गेली. तिथल्या कितीतरी घरांत त्या वर्षी दिवाळी नुसती पंचांगातच आली. आपल्या टेबलावरचे कणीस आणि बोंड कोणाच्या तरी शिवारातून येते. त्याची आरास करावी. पण भाव करताना हात थोडा सैल सोडावा.

भोपळ्याला आपण शून्य म्हणत आलो. पण शून्य हा आकडा मोठा गुणी! एकटा असला, की त्याला किंमत नाही. दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसला, की तो त्याचीही किंमत दसपट करतो.